मनीषनगरचा २ बीएचके विकायचा आहे: सरसकट फीवाला दलाल घ्यावा का?

मनीषनगर_तिसरा_मजला यांचा प्रश्न

मनीषनगरमध्ये, उज्ज्वलनगर मेट्रो स्टेशनच्या बाजूला, आईवडिलांच्या नावे २ बीएचके आहे. चार मजली अपार्टमेंट, तिसरा मजला, लिफ्ट आहे, झाकलेली पार्किंग एक. विक्रीपत्र ऑक्टोबर २००९ चं, १८ लाखांचं. कर्ज फिटलेलं आहे आणि बँकेकडून मूळ कागद परत आलेले आहेत. वडील आता नाहीत. वारस आम्ही तिघं: आई, मी आणि बहीण. बहीण टेक्सासमध्ये राहते. आसपासच्या व्यवहारांवरून ६२ लाखांची अपेक्षा धरली आहे.

समोर दोन दलाल आहेत.

पहिला सरसकट ४५,००० रुपये मागतो. १५,००० आधी, ३०,००० ‘व्यवहार ठरल्यावर’. ९० दिवस फक्त त्याच्याकडेच ठेवायचं. त्यात फोटो, दोन पोर्टलवर जाहिरात, व्हॉट्सॲप ग्रुप आणि ग्राहकांना फ्लॅट दाखवणं येतं. कागदपत्रं आणि रजिस्ट्री ‘पार्टीने पाहून घ्यावी’ असं लिहिलंय. ग्राहकाकडून काही घेणार का, याचा उल्लेख नाही.

दुसरा २ टक्के मागतो, म्हणजे १,२४,०००. इसारापासून रजिस्ट्रीपर्यंत सगळं करतो म्हणतो.

फरक ७९,००० चा आहे. बहिणीचं म्हणणं, तिकडे अमेरिकेत असे कमी फीचे ब्रोकर सर्रास असतात आणि घरं व्यवस्थित विकली जातात, तर इथे २ टक्के कशाला द्यायचे? पहिल्या दलालाला हो म्हणण्याआधी करारात काय तपासावं? आणि हे ७९ हजार खरंच वाचतात का?

---

वर्धारोड_एजंट

आधी अमेरिकेचा मुद्दा, कारण तिथली गोष्ट इथे जशीच्या तशी लागू होत नाही.

तिकडे एमएलएस नावाची सामायिक यादी असते. कमी फीच्या ब्रोकरने घर त्या यादीत टाकलं, की त्या भागातल्या प्रत्येक एजंटला ते दिसतं आणि तो आपला ग्राहक घेऊन येऊ शकतो. यादीत टाकण्याचं काम एक टक्क्यात करा की तीन टक्क्यांत, घर तितक्याच लोकांना दिसतं. त्यामुळे फी कमी करूनही विक्रेत्याचं फार बिघडत नाही. शिवाय ही कमी फी फक्त विक्रेत्याच्या ब्रोकरची. ग्राहकाच्या एजंटचे पैसे वेगळे असतात आणि ते बहुतेकदा विक्रेताच देत आला आहे. ऑगस्ट २०२४ पासून तिथले नियम बदलले. आता ती रक्कम एमएलएसवर जाहीर करता येत नाही आणि ग्राहकाला आपल्या एजंटशी आधी लेखी करार करावा लागतो. तरी तो खर्च संपलेला नाही.

नागपुरात एमएलएस नाही. इथे त्याची जागा एजंटांच्या व्हॉट्सॲप ग्रुपनी घेतली आहे. मनीषनगर, बेसा, सोमलवाडा, नरेंद्रनगर असे भागवार ग्रुप असतात. त्यात ‘२ बीएचके, मनीषनगर, क्लिअर टायटल, साइड बाय साइड’ असा मेसेज पडतो. ‘साइड बाय साइड’चा अर्थ असा की विक्रेत्याचा एजंट विक्रेत्याकडून घेईल, ग्राहकाचा एजंट ग्राहकाकडून घेईल, कोणी दुसऱ्याच्या वाट्याला हात लावणार नाही. असं खुलं टाकलं तर तुमचा फ्लॅट पन्नास एजंटांच्या ग्राहकांपर्यंत जातो. टाकलं नाही तर एका माणसाच्या फोनमध्ये असतील तेवढ्याच ग्राहकांपर्यंत.

आता तुमचा पहिला दलाल पाहा. ४५ हजारांत त्याचं भागणार नाही. तो ग्राहकाकडून एक-दोन टक्के घेईलच, आणि त्यात काही चूक नाही. पण दोन्ही बाजूंचं आपल्यालाच मिळावं म्हणून त्याने दुसऱ्या एजंटचे ग्राहक परत पाठवले, तर ९० दिवस तुमचा फ्लॅट बाजारात असूनही बाजारात नसेल. कमी फीच्या दलालाकडून होणारं सगळ्यात मोठं नुकसान हेच, आणि ते कुठल्याही पावतीवर दिसत नाही.

म्हणून त्याला पहिला प्रश्न फीचा विचारू नका. ‘दुसऱ्या एजंटचा ग्राहक आला तर काय?’ हा विचारा. उत्तर ‘साइड बाय साइड देतो’ असं आलं तर तसं लेखी घ्या. टाळाटाळ झाली तर ४५ हजारही जास्तच आहेत.

दुसरं म्हणजे, टक्केवारीवाला तुमच्या भावासाठी जास्त भांडतो हा समज सोडा. ६२ चे ६३ झाले तर २ टक्क्यांच्या हिशेबाने त्याला फक्त २,००० जास्त मिळतात. त्यासाठी हातातला ग्राहक तो जाऊ देणार नाही. त्याला व्यवहार लवकर व्हायला हवा असतो, सरसकटवाल्यालाही तेच हवं असतं. भाव तुम्हालाच धरून ठेवावा लागेल. ते सोपं व्हावं म्हणून नोंदणी विभागाच्या वेबसाइटवरच्या ई-सर्चमध्ये तुमच्याच अपार्टमेंटचे आणि शेजारच्या दोन-तीन अपार्टमेंटचे गेल्या दोन वर्षांतले इंडेक्स २, म्हणजे नोंदलेल्या दस्ताचा सारांश, पाहून घ्या. क्षेत्रफळ आणि नोंदलेली रक्कम दोन्ही दिसतात. तुलना करताना कार्पेटची कार्पेटशी, सुपर बिल्टअपची सुपर बिल्टअपशी करा. भाव चुकीचा धरला जातो तो बहुतेक वेळा इथेच.

जादा भावासाठी दलालाने खरंच झटावं असं वाटत असेल, तर ६२ च्या वर जे येईल त्याचे १० टक्के त्याला, असं लिहून द्या. ६४ ला गेला तर त्याला २०,००० मिळतील. २ टक्क्यांवर त्याच दोन लाखांचे त्याला ४,००० मिळाले असते.

---

दस्त_आणि_नोंदणी

तुमच्या प्रश्नातलं सगळ्यात महाग वाक्य ‘कागदपत्रं पार्टीने पाहून घ्यावी’ हे आहे. कारण तुमचे कागद अजून विक्रीला तयार नाहीत. कर्ज फिटलं, मूळ कागद हातात आले, एवढ्याने भागत नाही.

वडिलांचा अर्धा हिस्सा वारसांकडे गेला आहे. मृत्युपत्र नसेल तर हिंदू उत्तराधिकार कायद्याने तो आई, तुम्ही आणि बहीण यांच्यात समान वाटला जातो. म्हणजे पूर्ण फ्लॅटचे सहा भाग धरले तर आईचे चार, तुमचा एक, बहिणीचा एक. अपार्टमेंटच्या असोसिएशनकडे आईचं नामनिर्देशन असलं तरी त्याने मालकी बदलत नाही. विक्रीपत्रावर तिघांच्या सह्या लागतीलच.

बहीण सहीसाठी येऊ शकणार नसेल तर दोन वाटा आहेत. एक, तिने तुम्हाला किंवा आईला या एकाच फ्लॅटच्या विक्रीपुरतं विशेष मुखत्यारपत्र द्यायचं. ते तिकडे नोटरी करून अपोस्टिल करायचं (परदेशात मान्य होणारा सरकारी शिक्का घ्यायचा) किंवा भारतीय वाणिज्य दूतावासात साक्षांकित करून घ्यायचं, मूळ प्रत कुरियरने मागवायची आणि भारतात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरून घ्यायचं. पाकिटावरची आवक तारीख जपून ठेवा. मुखत्यारपत्रात फ्लॅट क्रमांक, मजला, खसरा किंवा सिटी सर्वे क्रमांक, अविभक्त हिस्सा हे सगळं २००९ च्या विक्रीपत्रातून शब्दशः उतरवा, आणि ‘मोबदला स्वीकारणे’ व ‘दुय्यम निबंधकासमोर कबुली देणे’ हे दोन अधिकार वेगळे लिहा. यातला एक जरी राहिला तर ग्राहकाच्या बँकेचा वकील परत पाठवतो आणि सगळं पुन्हा करावं लागतं.

दुसरी वाट म्हणजे बहिणीने आईच्या नावे नोंदणीकृत हक्कसोड पत्र करून द्यायचं. मग विक्रीत तिचा संबंधच उरत नाही. पण पैशातला तिचा हक्कही कागदावर उरत नाही. हे घरात मोकळेपणाने बोलूनच ठरवा. फक्त काम सोपं होतं म्हणून तिच्याकडून सही घेऊ नका.

वारसाच्या पुराव्याबाबत ग्राहकांच्या बँका वेगवेगळं मागतात. काहींना मृत्यू दाखला आणि वारसांचं प्रतिज्ञापत्र चालतं, काही दिवाणी न्यायालयाचं वारस प्रमाणपत्र मागतात. ते मागितलं गेलं तर अर्ज, जाहीर नोटीस, हरकतीची मुदत यात महिने जातात, आणि इसार घेतल्यावर हे कळलं तर ग्राहक तोवर थांबत नाही. आत्ताच एखाद्या मालमत्ता वकिलाकडून तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट (मालकी आणि बोजाच्या नोंदींचा अहवाल) काढून घ्या आणि ‘वारसाबाबत काय लागेल’ हे त्यालाच विचारा. ग्राहकाचा वकील जे शोधून काढणार, ते तुम्हाला आधी माहीत असलेलं बरं.

आता जमिनीचा भाग. मनीषनगरमधले बरेच प्लॉट गृहनिर्माण संस्थांच्या लेआउटमधले आहेत. लेआउट आधीपासून मंजूर होता की गुंठेवारीत नियमित झाला हे पाहा. नियमित झालेला असेल तर नासुप्रची (नागपूर सुधार प्रन्यासची) डिमांड, म्हणजे नियमितीकरणाचं शुल्क, भरल्याची पावती आणि आरएल, म्हणजे प्लॉट नियमित झाल्याचं रिलीज लेटर, लागेल. ५७२ आणि १९०० अनधिकृत लेआउटांच्या नियमितीकरणाच्या प्रकरणामुळे नागपुरातला ग्राहक हा प्रश्न फोनवरच विचारतो: ‘आरएल आहे का?’ तुम्ही ‘बघून सांगतो’ म्हणालात की तो पुढच्या जाहिरातीकडे वळतो. आरएल बिल्डरच्या किंवा मूळ प्लॉटधारकाच्या नावाने असतं, त्यामुळे फ्लॅटधारकांकडे अनेकदा झेरॉक्सही नसते. असोसिएशनच्या फाइलमध्ये शोधा, नसेल तर नासुप्रकडून प्रमाणित प्रत मागा. (प्लॉट नासुप्रच्या लीजवरचा असेल तर विषय आणखी वेगळा: हस्तांतरणासाठी नासुप्रची ना-हरकत आणि थकीत भूभाटक. विक्रीपत्रात ‘पट्टेदार’ किंवा ‘लीज’ हा शब्द आहे का, एवढं पाहिलं तरी कळेल.)

याशिवाय फाइलमध्ये हे असू द्या: मूळ विक्रीपत्र, त्याचा इंडेक्स २, आखीव पत्रिका किंवा सातबारा, मंजूर नकाशा, भोगवटा प्रमाणपत्र, घोषणापत्र म्हणजे डिक्लेरेशन डीड, मनपाची चालू वर्षाची घरटॅक्स पावती, पाण्याचं आणि महावितरणचं शेवटचं बिल, बँकेचं कर्ज फिटल्याचं पत्र, असोसिएशनचा ना-देय दाखला. कर्ज फिटल्याचं पत्र आहे म्हणून बोजा उतरला असं समजू नका. गहाणाची नोंद नोंदणी कार्यालयात दिली गेली असेल तर ती कमी झाली का, हे सर्चमध्येच दिसतं.

आणि नकाशा हातात घेऊन फ्लॅटमध्ये एक फेरी मारा. बाल्कनी बंद करून खोलीत घेतली असेल, डक्टवर स्लॅब टाकला असेल, तर बँकेचा मूल्यांकन करणारा ते क्षेत्रफळ धरत नाही. ग्राहकाचं कर्ज कमी मंजूर होतं आणि तो भाव पाडायला येतो. आधी माहीत असेल तर तुम्ही भाव त्याच हिशेबाने सांगता.

दुसरा दलाल ‘सगळं करतो’ म्हणतो, त्यालाही विचारा की यातलं नेमकं काय. बरेचदा ‘सगळं’ म्हणजे ओळखीच्या दस्तलेखकाकडे नेणं आणि रजिस्ट्रीच्या दिवशी टोकन घेऊन रांगेत उभं राहणं. ते कामही उपयोगाचं आहे, पण वारसाचा आणि आरएलचा प्रश्न त्याने सुटत नाही. त्यासाठी वकील लागेलच, दलाल कोणताही घ्या.

---

हिशेब_वही

७९ हजारांचा हिशेब.

दलाली हा विक्रीचा खर्च आहे, भांडवली नफ्यातून वजा होतो. म्हणून जास्त दलाली दिली तर कर थोडा कमी लागतो, आणि कमी दिली तर थोडा जास्त. चेकने द्या आणि पॅन असलेली पावती घ्या, नाहीतर हा खर्च दाखवता येणार नाही. दलाल जीएसटीत नोंदलेला असेल तर फीवर १८ टक्के वेगळे. दोघांनाही ‘जीएसटी धरून किती’ हेच विचारा, नाहीतर तुलना चुकेल.

आर्थिक वर्ष २०२५-२६ मधल्या विक्रीचं गणित मांडतो. निवासी व्यक्तीने २३ जुलै २०२४ च्या आधी घेतलेल्या घरावर दोन्ही पद्धतींनी कर काढतात आणि कमी येईल तो भरतात. पहिली पद्धत: ६२ उणे १८, नफा ४४ लाख, त्यावर १२.५ टक्के म्हणजे ५,५०,०००. दुसरी: महागाई निर्देशांक २००९-१० चा १४८, २०२५-२६ चा ३७६. १८ लाख × ३७६ ÷ १४८ म्हणजे सुमारे ४५.७३ लाख. नफा १६.२७ लाख, त्यावर २० टक्के म्हणजे सुमारे ३,२५,०००. वर ४ टक्के उपकर. म्हणजे निर्देशांकाची पद्धत तुमच्या फायद्याची. वारशाने आलेल्या हिश्श्यालाही वडिलांच्या खरेदीची किंमत आणि वर्ष धरतात. २००९ चं मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फीही खरेदी किमतीत मिळवा, तेवढा नफा आणखी कमी होतो.

पण ही निवड फक्त निवासी व्यक्तींना आहे. बहीण अनिवासी असेल तर तिच्या सहाव्या हिश्श्यावर थेट १२.५ टक्के, निर्देशांक नाही.

दलालीतला फरक ७९,००० धरला तर त्यावर तिघांचा मिळून सुमारे १५ हजार कर वाढतो. म्हणजे खरी बचत ६४ हजारांच्या आसपास. ६२ लाखांवर ती जेमतेम एक टक्का आहे. ग्राहकाने घासाघीस करून ६२ चे ६१ केले की ती संपली आणि वर तोटा. त्यामुळे कमी फी चांगली की वाईट हे फीवरून ठरतच नाही. किती ग्राहक खरोखर दारात येतात, त्यावर ठरतं.

टीडीएस. एकूण किंमत ५० लाख किंवा जास्त असल्याने ग्राहक निवासी विक्रेत्यांच्या रकमेतून १ टक्का कापेल. एकेकाचा हिस्सा ५० लाखांच्या आत आहे म्हणून सूट मिळत नाही, पूर्ण व्यवहाराची रक्कम पाहतात. बहिणीच्या हिश्श्याला हा १ टक्का लागू नाही. तिचा हिस्सा १०,३३,३३३ चा. तिच्यासाठी आयकर विभागाकडून कमी दराने टीडीएस कापण्याचं प्रमाणपत्र काढलं नाही तर ग्राहक सहसा पूर्ण रकमेवर १३ टक्के कापतो, म्हणजे सुमारे १,३४,०००. तिचा प्रत्यक्ष कर ९५ हजारांच्या आसपास येतो. उरलेलं विवरणपत्र भरून परत मिळतं, पण वाट पाहावी लागते. ‘एक विक्रेता अनिवासी आहे’ हे ग्राहकाला पहिल्या बैठकीतच सांगा. इसारानंतर कळलं तर त्याचा सीए व्यवहार थांबवतो, आणि सरसकट फीवाला दलाल त्या वेळी मध्ये पडणार नाही, कारण ते त्याच्या यादीत नाही.

रेडी रेकनर, म्हणजे सरकारी मूल्याचे दर, पाहून घ्या, १ एप्रिल २०२५ ला दर बदलले आहेत. सरकारी मूल्य विक्री किमतीच्या ११० टक्क्यांपेक्षा जास्त असेल तर तुमचा नफा सरकारी मूल्यावर मोजतात. उदाहरणार्थ विक्री ५८ लाखांना झाली आणि सरकारी मूल्य ६५ निघालं, तर ५८ ची ११० टक्के मर्यादा ६३.८ येते, म्हणून कर ६५ लाखांवर. फरकाचा कर ग्राहकालाही बसतो.

रोख रकमेबद्दल एकच: स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २०,००० किंवा त्याहून जास्त रोख घ्यायची नाही, इसार म्हणूनही नाही. घेतली तर घेतली तेवढाच दंड. दलाल ‘बयाणा रोखीत चालतो’ म्हणाला तरी ऐकू नका.

---

मनीषनगर_तिसरा_मजला

खूप आभार. बहिणीशी बोलणं झालं, तिला हिस्सा हवा आहे, त्यामुळे मुखत्यारपत्राचा मार्ग धरतोय. वकिलाकडे सर्चसाठी कागद दिले. आरएलची प्रत असोसिएशनच्या फाइलमध्ये मिळाली.

पहिल्या दलालाला विचारलं. तो म्हणतो दुसऱ्या एजंटचे ग्राहक चालतील. पण आता त्याने नवीनच पर्याय दिलाय: ‘तुम्हाला नेट ६० देतो, माझी फी शून्य, वरचं मी पाहीन.’ हे कसं वाटतं?

---

लेआउट_ते_रजिस्ट्री

नको. ‘नेट रेट’ला स्पष्ट नाही म्हणा.

त्यात असं होतं. ग्राहकाला ६३ सांगितले जातात, तुम्हाला ६०. तुमची दोघांची भेट होऊ दिली जात नाही, कारण भेट झाली की आकडे जुळतात. मधले तीन लाख बाहेर काढायचे दोनच मार्ग. एकतर ते रोखीत घेतात आणि विक्रीपत्र ६० चं करतात. ग्राहकाने ६३ दिले आणि त्याच्याकडे कागद ६० चा. पुढे वाद झाला तर तो तुमच्या दारात येणार, दलालाच्या नाही. किंवा विक्रीपत्र ६३ चं होतं, पैसे तुमच्या खात्यात येतात आणि तीन लाख तुम्ही दलालाला द्यायचे. मग ती ‘शून्य फी’ जवळपास ५ टक्क्यांची झाली आणि टीडीएस व नफा ६३ वर मोजला गेला.

शून्य फी, नेट रेट आणि ‘ग्राहकाला मालकाशी बोलू देऊ नका’ हे तिन्ही एकत्र आले की तिथून उठायचं. करारात एक ओळ घाला: इसाराच्या आधी विक्रेता आणि खरेदीदार यांची समोरासमोर बैठक होईल आणि दोघांना सांगितलेली किंमत एकच असेल. ज्याला ही ओळ चालत नाही, त्याला फ्लॅटची किल्ली देऊ नये.

किल्लीवरून आठवलं, मूळ कागद कोणाच्याही हातात देऊ नका. झेरॉक्स द्या आणि प्रत्येक पानावर आडवं लिहा: ‘फक्त विक्रीसाठी पाहण्याकरिता’, खाली तारीख आणि सही.

---

वर्धारोड_एजंट

नेट रेटबद्दल वरच्याशी पूर्ण सहमत. हा दलाल मूळच्या ४५ हजारांवर परत येत असेल तरच पुढे जा.

महारेरा (राज्याचं स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरण) क्रमांक विचाराच, पण त्यावर फार विसंबू नका. रेराखालची एजंट नोंदणी नोंदणीकृत प्रकल्पांतल्या विक्रीसाठी बंधनकारक आहे आणि २००९ चा पुनर्विक्रीचा फ्लॅट त्यात येत नाही. तरी नोंदणी असलेला माणूस बरा, कारण महारेराने एजंटांना प्रशिक्षण आणि परीक्षेचं सक्षमता प्रमाणपत्र सक्तीचं केलं आहे. पण उद्या फीवरून वाद झाला तर तुमच्या हातात लेखी करारच असेल. म्हणून तो नीट करून घ्या.

९० दिवस फक्त त्यालाच देणं जास्त वाटतं. ४५ दिवस द्या. पहिल्या तीन आठवड्यांत कोणी पाहायलाच आलं नाही तर भाव किंवा जाहिरात चुकली आहे. लोक येतात पण दुसऱ्यांदा येत नाहीत, तर फ्लॅटमध्येच काहीतरी खटकतंय. ४५ दिवसांत हे सगळं कळतं. बाहेर पडण्याची अट लेखी हवी: सात दिवसांची सूचना, कारण न देता.

मुदत संपल्यावरचं कलम बहुतेक जण वाचत नाहीत. ‘दलालाने दाखवलेल्या ग्राहकाने नंतर घेतलं तरी फी द्यावी लागेल’ हे योग्यच आहे, त्याचे कष्ट त्यात असतात. पण त्याला दोन मर्यादा घाला. फक्त तीन महिने, आणि फक्त त्याच ग्राहकांसाठी ज्यांची नावं व भेटीची तारीख त्याने तुम्हाला मेसेजवर कळवली आहेत. नाहीतर मनीषनगरचा प्रत्येक ग्राहक ‘माझाच होता’ असं होतं.

आधीचे १५ हजार कशाचे हे लिहून घ्या. दिवसाच्या उजेडातले पंधरा-वीस फोटो, मोजमापांसह साधा आराखडा, दोन पोर्टलवर सशुल्क जाहिरात. जाहिरात तुमच्या मोबाइल क्रमांकावरून चढवता आली तर उत्तम, दलाल बदलला तरी ती तुमच्याकडे राहते. मजकुरात ‘प्राइम लोकेशन’ नको. उज्ज्वलनगर स्टेशन चालत किती मिनिटं, विमानतळ किती किलोमीटर, पाणी मनपाचं की बोअरचं, वर गच्ची आहे की आणखी मजला, पार्किंग कोणत्या क्रमांकाची, कागदात लिहिलेली की तोंडी, आणि आरएल आहे, एवढं लिहा. मिहान आणि एम्समध्ये काम करणारे ग्राहक या भागात फिरतात, त्यांना हेच हवं असतं. तुमच्या वर एक मजला आहे, म्हणजे स्लॅब थेट तापत नाही. नागपूरच्या मे महिन्यात ही मोठी जमेची बाजू आहे, पहिल्या तीन ओळींतच यायला हवी. उन्हाळ्यात दाखवणार असाल तर सकाळी दहाच्या आत किंवा संध्याकाळी सहानंतर, आणि कूलर आधी अर्धा तास सुरू ठेवा. पितृपंधरवड्यात लोक पाहायला येतात, पण बयाणा देत नाहीत. तेव्हा शांतता दिसली म्हणून भाव उतरवू नका, दसऱ्यापर्यंत थांबा.

---

मनीषनगर_तिसरा_मजला

नेट रेटला नाही सांगितलं. तो ४५ हजारांवर परत आला. करारासाठी या ओळी लिहिल्या आहेत, चूक असेल तर सांगा:

‘फी एकूण रु. ४५,०००, जीएसटी लागू असल्यास त्यासह. पैकी रु. १०,००० छायाचित्रे व जाहिरातीसाठी आगाऊ, परत न मिळणारे. उर्वरित रु. ३५,००० इसारपत्र झाल्यावर. मुदत ४५ दिवस. सात दिवसांच्या सूचनेने कोणताही पक्ष करार संपवू शकेल. अन्य एजंटचे ग्राहक साइड बाय साइड तत्त्वावर स्वीकारले जातील. दलाल खरेदीदाराकडून फी घेणार असल्यास ती रक्कम विक्रेत्यास लेखी कळवेल. इसारापूर्वी विक्रेता व खरेदीदार यांची समक्ष बैठक होईल. मुदतीनंतर तीन महिने, फक्त लेखी कळवलेल्या ग्राहकांबाबत फी देय राहील.’

कागद, वारस, मुखत्यारपत्र आणि रजिस्ट्री वकील पाहणार. त्याची फी वेगळी ठरवली आहे.

---

दस्त_आणि_नोंदणी

एक दुरुस्ती. ‘उर्वरित रु. ३५,००० इसारपत्र झाल्यावर’ हे बदला. तुमच्या व्यवहारात इसार आणि रजिस्ट्री यांच्यात बराच काळ जाणार आहे: ग्राहकाच्या वकिलाची जाहीर नोटीस, त्याच्या बँकेची कायदेशीर तपासणी आणि मूल्यांकन, टेक्सासहून मुखत्यारपत्र, बहिणीच्या टीडीएसचं प्रमाणपत्र. त्या काळात ग्राहकाला धरून ठेवण्याचं, त्याचे फोन घेण्याचं काम दलालाचंच आहे. त्याचे सगळे पैसे इसारालाच मिळाले तर ते काम करायला त्याच्याकडे कारण उरत नाही, आणि व्यवहार मोडला तर ३५ हजार परत मागत बसावं लागेल. असं लिहा: ‘रु. १०,००० इसारपत्रावर, रु. २५,००० विक्रीपत्राची नोंदणी होऊन संपूर्ण मोबदला विक्रेत्यांच्या खात्यात जमा झाल्यावर. खरेदीदाराच्या कारणाने व्यवहार रद्द झाल्यास इसारावरील रु. १०,००० पुढील व्यवहारात वळते होतील.’

इसारपत्राच्या मसुद्यातही लक्ष ठेवा. त्यात ताबा दिल्याचा किंवा आधी देण्याचा उल्लेख आला तर त्यावर विक्रीपत्राइतकं मुद्रांक शुल्क लागू शकतं. ताबा रजिस्ट्रीच्या दिवशी, पूर्ण रक्कम मिळाल्यावर, एवढंच लिहा. आणि इसार ते रजिस्ट्रीची मुदत ठरवताना टेक्सासचा कागद हातात येण्याचा काळ धरून किमान ९० दिवस ठेवा. ग्राहकाला ती जास्त वाटली तर तो तेव्हाच सांगेल.

---

मनीषनगर_तिसरा_मजला

दोन्ही बदल केले. ‘संपूर्ण मोबदला खात्यात’ या ओळीवर दलाल अडला होता. १०,००० ऐवजी १२,००० इसारावर आणि २३,००० शेवटी, असं ठरलं. मुखत्यारपत्राचा मसुदा वकिलाकडून आला की बहिणीला पाठवतो, आणि जाहिरात त्यानंतरच चढवायची असं आईशी ठरवलंय.